क्रेबिनांच्या कबरीतली एक जागा

७ जानेवारी, रविवार

नव्या वर्षाची डायरी ऑरीनं आणून दिली. दरवर्षी देतो आणि दरवर्षी मी फेब्रुवारीत सोडून देते. या वेळी लिहीन असं वाटतंय, कारण आज लिहिण्यासारखं घडलं.

जेवायला नेहमीप्रमाणे सासूबाईंकडे गेलो होतो. जेवण झाल्यावर मी ताटं उचलायला लागले तर म्हणाल्या, "राहू दे ते. बस इथं." चाळीस वर्षांत त्यांनी मला ताटं उचलताना कधी थांबवलेलं नाही. मी बसले. म्हणाल्या, "नऊ मार्चला मोनाला ऐंशी पूर्ण होतात. तिला घराण्याची वंशावळ करून द्यावी म्हणते. तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे, वेळही आहे. पोरंबाळं नाहीत, काही नाही."

शेवटचं त्या सहज बोलल्या. मी मनाला लावून घेतलं नाही.

मोनाआत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. धक्क्याजवळच्या छोट्या घरात एकटी राहते. सासूबाईंचं आणि तिचं भांडण जुनं आहे. रशनच्या चर्चमागं क्रेबिनांची कबर आहे, चौघांची. आत तिघं आहेत: आजेसासरे सीझर, आजेसासू एडा आणि माझे सासरे रॉबर्ट. उरलेल्या जागेबद्दल सासूबाई म्हणतात, नवऱ्याशेजारी मीच जाणार. मोनाआत्या म्हणते, बाबांनी मरताना ती मला दिली आहे. सासरे गेल्यापासून दोघी एकमेकींशी हवापाण्याखेरीज काही बोललेल्या नाहीत.

घरी येताना ऑरी म्हणाला, आई आत्याला भेट देणार म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. मी म्हटलं, तुझ्या आईच्या मनात कधी काही चांगलं येऊच नये का? स्वतःच्या आईबद्दल असं बोलणं मला तरी जमलं नसतं.

खरं सांगायचं तर मला फार आनंद झालाय. मी समुद्रापलीकडच्या ओल्डमची. एका उन्हाळ्यात या बेटावर, पोर्ट एरिनच्या हॉटेलात खोल्या झाडायला आले ती ऑरीशी लग्न करून राहिलेच. तरी इथल्यांच्या लेखी मी अजून 'पलीकडची'. वाऱ्याबद्दल, महागाईबद्दल, कशाबद्दलही तक्रार केली की सासूबाई म्हणायच्या, "सकाळी बोट असते." म्हणजे पटत नसेल तर परत जा. आणि आज त्यांनी त्यांचं सगळं घराणं माझ्या हातात दिलं.

१० जानेवारी

किती काय काय फुकट आहे. मला वाटलं होतं राजधानीला, डग्लसला खेटे घालावे लागतील. संग्रहालयाच्या साइटवर जुनी वर्तमानपत्रं आहेत, एका साइटवर बाप्तिस्मे आणि लग्नं आहेत, आणि कुणी कुणी हौशी माणसांनी पावसापाण्यात उभं राहून एकेका दफनभूमीतले दगड वाचून उतरवून ठेवलेत. शेवाळानं खाल्लेलं अक्षर असेल तिथं प्रश्नचिन्ह टाकलंय. अशा माणसांचं मला कौतुक वाटतं. कुणासाठी करत असतील?

क्रेबिन हे आडनाव लिहिणाऱ्यानं जसं ऐकलं तसं लिहिलंय. क्रेबिन, क्रिबिन, क्रेबन, एका ठिकाणी तर मॅक्रॉबिन. आणि नावं तीच तीच. रॉबर्टचा सीझर, सीझरचा रॉबर्ट, मध्ये एखादा विल्यम तो लहानपणीच गेलेला. दुपारी बसले ती उठले तेव्हा बटाटे करपले होते. ऑरीनं खाल्ले बिचाऱ्यानं.

१७ जानेवारी

वॉलपेपरखाली लावतात तो जाड कागद आणलाय. जेवणाच्या टेबलावर पसरून पेन्सिलीनं झाड काढते आहे. त्यामुळे आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतो.

आज फोटो मागायला मोनाआत्याकडे गेले. तिनं बॉनाग, म्हणजे इथला जाडसर घरगुती पाव, भाजलं होतं, तव्यावरून उतरवून गरम गरम फोडून लोणी लावून दिलं. तिच्यासारखं मला अजून जमत नाही. माझं एक तर ब्रेड होतं नाहीतर वीट. मांजराशी ती मॅन्क्समध्ये, बेटाच्या जुन्या भाषेत, बोलते. शाळेतल्या मुलांना अजून आठवड्यातून एकदा मॅन्क्स शिकवायला जाते. या गावात आता ती भाषा तिच्याइतकी कुणालाच येत नाही. तिचं म्हणणं, मांजराला चांगली येते, पण ते उत्तर देत नाही.

सीझर आजोबांचा एक फोटो मिळाला. धक्क्यावर उभे, तोंडात पाइप. डाव्या हाताची करंगळी आत वळलेली, गळासारखी. ऑरीची तशीच आहे. मोनाआत्याही कप धरते तेव्हा तिची तशीच दिसते.

तिनं युद्धाच्या गोष्टी सांगितल्या, म्हणजे तिनं ऐकलेल्या. आपलं गाव आणि पोर्ट एरिन मिळून सगळ्याला तारेचं कुंपण घातलं होतं आणि आत शत्रुदेशाच्या बायका आणून ठेवल्या होत्या. किनाऱ्यावर क्रेबिनांची तेव्हा राहण्याच्या खोल्या असलेली खानावळ होती, तिथं खोलीखोलीत त्याच. बाबा त्यांच्यासाठी मासे आणायचे, म्हणाली. "आई मासे साफ करायची नाही म्हणायची. मग त्यांच्यातलीच एक करायची."

तुमचा बाप्तिस्मा कुठं झाला, म्हणून विचारलं. "असेल कुठंतरी. युद्धाचे दिवस ते," म्हणाली आणि किटली बघायला उठली. किटली उकळलेली नव्हती.

निघताना तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. बाळ गेलं तेव्हा धरला होता तसा. त्या वेळी ऑरी बोटीवर होता आणि सासूबाईंनी निरोप पाठवला होता की सर्दी झाल्यामुळे येत नाही. मोनाआत्या आठवडाभर माझ्या पायाशी झोपली होती. असो. हे का लिहिते आहे कोण जाणे.

२९ जानेवारी

सगळे सापडले, मोनाआत्या सोडून. रॉबर्ट सासऱ्यांचा बाप्तिस्मा आहे, त्यांच्याआधी गेलेल्या एका बहिणीचाही आहे. त्या काळातले बाप्तिस्मे सगळे तिथं नसतात हे खरं, पण रशनचे तर आहेत. मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

सासूबाईंना फोन केला. आत्याचा बाप्तिस्मा कुठंच सापडत नाही म्हटलं. मग म्हणाल्या, "त्या घरात कैदेतल्या बायका होत्या, त्यांची कार्डं आहेत म्हणे संग्रहालयात. तिकडे बघ." मी म्हटलं, त्यांचा आपल्या वंशावळीशी काय संबंध? म्हणाल्या, "बघायला काय जातंय? फुकट आहे ना?"

एकोणनव्वदाव्या वर्षी बाई किती चौकस आहेत.

४ फेब्रुवारी, रविवार

जेवायला गेले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं.

कार्ड सापडलं. कॅथे ब्रांडल, वय बावीस, मँचेस्टरला एका घरात मोलकरीण होती, तिथून उचलून इथं आणलेली. राहण्याचं ठिकाण, क्रेबिन यांची खानावळ, पोर्ट सेंट मेरी. कार्डावर तिचा फोटो आहे. मी तो मोठा करून पाहिला. मोनाआत्याच, तरुण मोनाआत्या. तेच कपाळ, तीच रागीट वाटणारी आणि रागीट नसलेली भुवई.

खाली बारीक अक्षरात ९ मार्च ४४ च्या पुढं लिहिलंय, मुलगी झाली. बापाच्या नावाची जागा रिकामी. त्याखाली, मूल घरमालकिणीकडे. शेवटची नोंद पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातली, पलीकडे रवाना.

म्हणजे मोनाआत्या क्रेबिन नाहीच. एवढी मॅन्क्स बोलणारी, बेटाच्या राष्ट्रीय दिवशी छातीला मानाचं रानफूल लावून सगळ्यांच्या पुढं बसणारी. वाईट वाटलं. आणि खरं लिहायचं तर, त्याबरोबर थोडं हसूही आलं. लगेच कॉम्प्युटर बंद केला.

५ फेब्रुवारी

ऑरीला सांगितलं. तो बूट काढत होता. एक बूट हातात तसाच राहिला. म्हणाला, "बंद कर ते सगळं. कुणाला सांगू नकोस. आईला तर मुळीच नाही."

म्हटलं, म्हणजे तुला माहीत होतं?

"आत्या आत्या आहे, जॅनिस. त्यात माहीत असण्यासारखं काय आहे?"

मला इतका राग आला. चाळीस वर्षं या माणसाच्या शेजारी झोपते आहे आणि घरातली एवढी मोठी गोष्ट मला एका साइटवरून कळते. त्याला माहीत, बहुतेक सगळ्या गावाला माहीत. मीच तेवढी पलीकडची. रात्रीचं जेवण वाढून दिलं आणि बोलले नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंना सांगितलं. सांगायचं ठरवलेलं नव्हतं. ऑरी बाहेर त्यांच्या फाटकाचं बिजागर बसवत होता. त्यांनी तांदळाची खीर केली होती आणि चहा सोनेरी कडांच्या कपात दिला, जे कप पाद्री आला तरच निघतात. म्हणाल्या, "दमलीस गं. किती डोळे फोडतेस आमच्यासाठी." त्यांनी मला असं कधी म्हटलेलं नाही. मग माझ्या तोंडून निघूनच गेलं.

त्यांना काहीच नवल वाटलेलं दिसलं नाही. वयानं माणसाचं नवल कमी होत असावं. एवढंच विचारलं, "बापाचं नाव?"

म्हटलं, रिकामं आहे.

"रिकामं," त्या म्हणाल्या, आणि मला आणखी खीर वाढली.

मी म्हटलं, आता हे काय करायचं? वंशावळीत आत्याला नेहमीसारखं काढते, कुणाला कळणारही नाही. त्या म्हणाल्या, "खोटं काढणार? एवढं शोधून? ऐंशीव्या वर्षी तरी माणसाला आपली आई कोण ते कळायला नको का? तुला नसतं हवं झालं?"

विचार केला तर पटलं. मला माझी आई कोण हे माहीत नसतं तर मी सांगणाऱ्याचे पाय धरले असते. खरं ते खरं. लपवणाऱ्यांनी तिच्यावर अन्यायच केला आहे. ऑरीचा त्यात वाटा आहे, हे मात्र मी त्याला अजून बोलले नाही.

२४ फेब्रुवारी

झाड शाईनं पक्कं करायला घेतलं. सासूबाई दिवसाआड येऊन बघतात, टॅक्सी करून. सीझर आणि एडा यांच्या खाली रॉबर्ट, ठळक रेषेनं. मोनाआत्याचं नाव कडेला, वेगळ्या चौकटीत, आणि तिच्यापासून वर कॅथे ब्रांडलकडे एक रेष. सीझरआजोबांकडून तिच्याकडे मी एक तुटक रेष काढली होती, वाढवलं म्हणून. सासूबाईंनी ती खोडायला लावली. "त्यानं मूल सांभाळलं म्हणून काय झाड बदलतं?" म्हणाल्या. बोलताना त्यांचे ओठ पांढरे पडले होते. खोडलेली जागा जरा खरबरीत दिसते, पण चौकटीत घातल्यावर कळणार नाही.

परवा दुकानात रांगेत मोनाआत्या भेटली. सगळं गाव बोलावलंय म्हणून लाजत होती. शाळेतली मुलं मॅन्क्समध्ये गाणार आहेत, तिनंच बसवलंय. माझा हात धरून म्हणाली, "एनिडनं स्वतःहून हे करावं म्हणजे, जॅनिस, मी आशाच सोडली होती. तुझ्यामुळे होतंय हे." एनिड म्हणजे सासूबाई. मी तिला तिथंच सांगणार होते. शब्द तोंडात आले होते. पण माझा नंबर आला आणि पिशव्या भरायच्या होत्या.

तसं पाहिलं तर सांगणं माझं काम नाही. मी फक्त शोधून काढलं.

९ मार्च, शनिवार

सगळं नीट लिहून ठेवते, नंतर कुणी उलटसुलट सांगेल.

चॅपेलचा हॉल भरला होता. मुलं गायली. मोनाआत्या पहिल्या रांगेत बसून ओठ हलवत होती आणि मुलांची एक ओळ चुकली तिथं तिनं डोळे मिटून घेतले. केक झाला. मग सासूबाई उभ्या राहिल्या. काठी टेकून, निळा कोट घालून. म्हणाल्या, माझ्या सुनेनं फार कष्टानं हे केलंय, तीच वाचून दाखवेल. माझ्या सुनेनं. सगळ्या गावासमोर.

मी आणि ऑरीच्या एका मित्रानं चौकट धरली. ऑरीनं धरायला नकार दिला होता. तो मागं दाराशी उभा होता. मी वरून वाचायला लागले, मॅक्रॉबिनपासून. लोक हसत होते, आपापल्या आजोबांची नावं ऐकून मान हलवत होते. सीझर आणि एडापाशी आले तेव्हा मी थांबले. म्हटलं, पुढचं तुम्हीच बघा. सासूबाई म्हणाल्या, "मागच्या बाकांना ऐकू येत नाही. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. मोना, जन्म नऊ मार्च, आई कॅथे ब्रांडल, नजरकैदी, पिता अज्ञात.

एका लहान मुलीनं तिच्या आईला काहीतरी विचारलं आणि आईनं तिचं तोंड दाबलं.

मोनाआत्यानं पर्समधून चष्मा काढला. उठून जवळ आली. कॅथेचा फोटो मी छापून चिकटवला होता. तो तिनं खूप वेळ पाहिला. मला वाटलं आता ती मला मिठी मारील. ती म्हणाली, "हिचा फोटो नव्हता माझ्याकडे."

तेव्हा सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, अगदी शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "चला. म्हणजे कबरीचा प्रश्न मिटला."

मोनाआत्या त्यांच्याकडे वळली. "हे तू मला घरी येऊन सांगितलं असतंस, एनिड, तरी मी जागा सोडली असती."

"आणि मग लोकांना काय सांगितलं असतंस? मोठ्या मनानं दिली म्हणून?" सासूबाई म्हणाल्या.

ऑरी पुढं आला, आत्याला कोट चढवला आणि घेऊन गेला. केक बराच उरला. मी शाळेच्या मुलांना बांधून दिला.

१० मार्च, रविवार

आज इथला मदर्स डे. ऑरी रात्री घरी आला नाही, आत्याकडेच होता. सकाळी आला. मी सासूबाईंसाठी पिवळी फुलं आणून ठेवली होती. त्यानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

म्हणाला, "काय केलंस ते कळलंय का तुला?"

मी म्हटलं, मी एक शब्द खोटा लिहिलेला नाही.

त्यानं डावा हात टेबलावर, माझ्यासमोर, पालथा ठेवला. बोटं पसरून. म्हणाला, "बघ."

मी बघितलं. ग्रीसचे डाग होते, वाकडी करंगळी होती, लग्नातली अंगठी होती. मला वाटलं अंगठीबद्दल काही म्हणायचंय. विचारलं, काय? तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी कुणी परकी आहे. मग हात उचलून घेतला आणि पुन्हा आत्याकडे गेला. पुरुषांना सरळ बोलायला काय होतं?

फुलं मीच नेऊन दिली.

१८ मार्च

मोनाआत्याकडे जाऊन आले. कुणीतरी जायलाच हवं होतं, आणि माझ्या मनात काही नव्हतं. तिनं नेहमीसारखा चहा केला. मांजराशी बोलली, पण इंग्रजीत.

म्हणाली, नाव मला माहीत होतं, चेहरा नव्हता, त्याबद्दल तुझे आभार. मग विचारलं, पुढं तिचं काय झालं तेही कळतं का त्यात? मी तिथंच फोनवर शोधलं. आता सवय झाली आहे, वेळ लागत नाही. मँचेस्टरजवळच्या एका दफनभूमीची नोंद निघाली. बावन्न साली गेली. गोरगरिबांना एकत्र पुरतात त्या कबरीत आहे, वर दगड नाही, आत कोण कोण अनोळखी माणसं.

"तिला सोबत तरी होती," मोनाआत्या म्हणाली.

मग कप खाली ठेवून, "मला बघायला आली होती का कधी?"

म्हटलं, असं कुठं लिहिलेलं नसतं.

ती म्हणाली, बाबा मला मांडीवर घेऊन सांगायचे, तू माझीच आहेस, पूर्ण माझी, कुणी काही म्हटलं तरी. आई ऐकत असली की भांडी आपटायची. मी म्हटलं, चांगली माणसं अशीच असतात, परक्याच्या मुलालाही आपलं म्हणतात. ती माझ्याकडे बघून हसली. का हसली कळलं नाही.

मला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "चला, आता आपण दोघीही पलीकडच्या." प्रेमानंच म्हणाली असेल. पण मला ते आवडलं नाही. मी चाळीस वर्षं इथं आहे, रीतसर लग्न करून आलेली. माझी आणि तिची गोष्ट एक नाही.

२ जून

बरेच दिवस लिहिलं नाही. कबरीची जागा सासूबाईंच्या नावावर झाली. मोनाआत्यानं एका शब्दानं हरकत घेतली नाही. सही करताना पाद्री म्हणाला, विचार करा, घाई नाही. ती म्हणाली, झाला करून.

शाळेत ती आता जात नाही. त्यांनी नको म्हटलं नव्हतं, उलट बोलवायला दोनदा माणूस आला. तिनंच सांगितलं, आता माझ्या तोंडी ती भाषा शोभत नाही. मुलं तिच्या दारावरून जाताना मॅन्क्समध्ये हाक मारतात, ती खिडकीतून हात करते.

सासूबाईंची तब्येत मात्र सुधारली आहे. जिना एकट्या चढतात. दर रविवारी मला आधी वाढतात. ऑरी येत नाही. विचारलं तर म्हणतो, बोटीचं काम आहे. त्याच्या आईला त्याचं काही वाटत नाही. म्हणाल्या, "सगळे क्रेबिन असेच. घरात लांबशेपट्या शिरला तरी यांना बोटच सुचते." उंदराच्या त्या थोरल्या भावंडाचं नाव अपशकून म्हणून बेटावर कुणी घेत नाही, लांबशेपट्या म्हणतात. मी फार हसले.

१४ नोव्हेंबर

मोनाआत्या सोमवारी गेली. सर्दी झाली, ती छातीत उतरली, आणि तिनं डॉक्टरला बोलावलं नाही. ऑरीला सापडली. मांजर तिच्या पायाशी होतं.

आज डग्लसला दहन झालं. दफनाला जागा नव्हतीच. सासूबाई आल्या नाहीत, निरोप पाठवला की सर्दी झाली आहे. मी ऑरीच्या शेजारी उभी राहिले तर तो दोन पावलं सरकला. शाळेतली मुलं आली होती, कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी तेच वाढदिवसाचं गाणं म्हटलं, चुकलेली ओळ या वेळी बरोबर म्हटली. मला रडू आलं. किती झालं तरी माझ्यासाठी तिनं खूप केलं होतं. हे मी सगळ्यांना सांगितलं.

राख ऑरी स्वतःच्या बोटीतून घेऊन गेला. कुठं सोडली ते सांगितलं नाही. मी म्हटलं, निदान नोंद तरी असावी, पुढं कुणी शोधलं तर. तो म्हणाला, "कोण शोधणार आहे, जॅनिस? तू?"

तेव्हापासून तो मोनाआत्याच्या घरीच राहतो. मांजराला कोण बघणार, म्हणतो.

१ डिसेंबर, रविवार

आता रविवारी आम्ही दोघीच असतो. सासूबाई म्हणाल्या, क्रेबिन पुरे झाले, आता माझं माहेर शोध. त्या कोस्टेनांच्यातल्या. अभिमानानं सांगत होत्या, थोरला भाऊ डॅनी कसा देखणा होता, चौदाव्या वर्षी चॅझमच्या कड्याखाली खेकडे पकडताना लाटेनं नेला, आई त्या दुःखानं गेली. डॅनीचं नाव घेताना त्यांचा आवाज अगदी मुलीसारखा होतो. मी म्हटलं, बघते.

जुनी वर्तमानपत्रं चाळायला वेळ लागला नाही. अठ्ठेचाळीस सालचं. डॅनी कोस्टेन, वय चौदा. लाटबीट काही नाही. एका दुकानातून सिगारेटी आणि घड्याळ चोरलं म्हणून कोर्टानं त्याला छड्या मारण्याची शिक्षा दिली होती. शिक्षा झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्यानं कड्यावरून उडी टाकली. मृत्यूच्या चौकशीत कॉन्स्टेबलनं सांगितलं की माल कुठं लपवलाय हे त्याच्या बहिणीनं येऊन दाखवलं. बहीणही साक्षीला उभी होती, एनिड, वय बारा. तिला विचारलं, का सांगितलंस? ती म्हणाली, "खरं ते खरं."

मी ते दोनदा वाचलं. सत्तर-पंचाहत्तर वर्षं बाई लाटेची गोष्ट सांगतायत. बहुतेक त्यांनाही आता तीच खरी वाटत असेल. असं मनात धरून जगणं किती जड जात असेल. कुणीतरी त्यांना हे नीट दाखवायला हवं, आणि ते घरच्या माणसानंच केलेलं बरं.

आज जेवताना विचारत होत्या, "काही मिळालं का गं आमच्या डॅनीचं?"

म्हटलं, अजून शोधते आहे.

घाई करण्यासारखं त्यात काही नाही. सप्टेंबरात त्यांना नव्वद पूर्ण होतील.